१७ सप्टेंबर : एकाच दिवसाची चार सरकारी नावं

दरवर्षी १७ सप्टेंबरला सकाळी छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झेंडावंदन करतात. तिकडे कलबुर्गीत कर्नाटकचे मुख्यमंत्री झेंडा फडकवतात. हैदराबादमध्ये तर गेली काही वर्षं एकाच दिवशी दोन सरकारी सोहळे होतात, एक राज्य सरकारचा आणि एक केंद्र सरकारचा. १९४८ साली ज्या संध्याकाळी निजामानं शरणागती जाहीर केली, तीच संध्याकाळ या सगळ्यांना आठवायची असते. तरी महाराष्ट्रात हा ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ असतो, कर्नाटकात ‘कल्याण कर्नाटक उत्सव’, केंद्राच्या अधिसूचनेत ‘हैदराबाद मुक्ती दिन’ आणि तेलंगण सरकारच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘प्रजा पालना दिनोत्सव’.

याच तारखेला इतरही बरंच काही येतं. प्रबोधनकार ठाकरे यांचा जन्म १७ सप्टेंबर १८८५चा, पनवेलचा. पेरियार रामस्वामी यांचा १८७९चा, इरोडचा. तमिळनाडू सरकारनं २०२१पासून त्यांचा जन्मदिवस ‘सामाजिक न्याय दिन’ म्हणून पाळायला सुरुवात केली. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचा वाढदिवसही याच दिवशी. त्यामुळे भाजपचा सेवा पंधरवडा इथून सुरू होऊन गांधी जयंतीपर्यंत चालतो. मराठवाड्याबाहेरच्या वर्तमानपत्रांत या सगळ्याच्या गर्दीत मुक्तिसंग्रामाची बातमी आतल्या पानावर जाते. खुद्द महाराष्ट्रातल्या पुष्कळ लोकांना आपल्या राज्याचा एक मोठा भाग १५ ऑगस्ट १९४७ला स्वतंत्र झालाच नव्हता, हे ठाऊक नसतं. म्हणून आधी घडलं काय ते नीट पाहू आणि मग चार नावांच्या राजकारणाकडे येऊ.

निजामाचं राज्य कसं होतं

हैदराबाद हे ब्रिटिश काळातलं सर्वांत श्रीमंत आणि लोकसंख्येनं सर्वांत मोठं संस्थान. सुमारे २ लाख १४ हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश आणि १९४१च्या जनगणनेनुसार १ कोटी ६३ लाख लोक. जिल्हे सोळा. त्यांपैकी आठ तेलुगू भाषक तेलंगणात, तीन कन्नड भागात (बीदर, गुलबर्गा, रायचूर) आणि पाच मराठवाड्यात : औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद. आज मराठवाड्याचे जिल्हे आठ दिसतात, कारण जालना, लातूर आणि हिंगोली पुढे वेगळे काढले गेले.

संस्थानाचं स्वतःचं नाणं होतं, त्याला हाली सिक्का म्हणत. स्वतःचं टपाल, स्वतःची रेल्वे, स्वतःची फौज होती. सीमेवर करोडगिरी नाके होते, म्हणजे सोलापूरकडून उस्मानाबादकडे माल न्यायचा तर जकात भरावी लागे. जमिनीपैकी साधारण साठ टक्के सरकारी दिवाणी मुलूख, तीस टक्के जहागीरदारांकडे आणि उरलेली दहा टक्के ‘सर्फ-ए-खास’, म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता. जहागिरीत वसुली, पोलीस, न्याय सगळं जहागीरदाराच्या हातात. दाद मागायची तर कुणाकडे, हा तिथल्या रयतेपुढचा रोजचा प्रश्न होता.

सातवा निजाम मीर उस्मान अली खान १९११मध्ये गादीवर आला. १९१८मध्ये त्यानं उस्मानिया विद्यापीठ स्थापन केलं. भारतीय भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्य करायला हवं. पण ती भाषा उर्दू होती आणि प्रजेतल्या बहुसंख्य लोकांच्या घरात मराठी, तेलुगू किंवा कन्नड बोलली जात होती. कचेरी उर्दूत, कोर्ट उर्दूत. जाहीर सभा घ्यायची तर आधी परवानगी, कारण ‘गश्ती निशान ५३’ या कुप्रसिद्ध परिपत्रकानं सभांवर बंधनं घातलेली. खासगी शाळा काढायची तरी परवानगी.

म्हणूनच मराठवाड्यातल्या लढ्याची सुरुवात शाळांतून झाली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचं योगेश्वरी विद्यालय, सेलूचं नूतन विद्यालय, औरंगाबादची सरस्वती भुवन. जिथे राजकीय पक्ष काढता येत नव्हता, तिथे शिक्षकांनी मुलांना मराठी शिकवता शिकवता देश म्हणजे काय ते शिकवलं. व्यंकटेश खेडगीकर नावाचा एक तरुण कामगार चळवळीतून हिप्परग्याला शिकवायला आला, संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाला, पुढे अंबाजोगाईला गेला आणि साऱ्या संस्थानाचा नेता बनला. आज नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे आणि त्या विद्यापीठाची स्थापनाही १७ सप्टेंबरचीच, १९९४ची.

१९३७मध्ये परतूरला संस्थानातल्या मराठी लोकांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. १९३८मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस निघाली आणि निघता निघताच तिच्यावर बंदी आली. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं. नागपूर विद्यापीठानं त्यांतल्या अनेकांना आपल्याकडे घेतलं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांच्यापैकीच एक. स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह आणि आर्य समाजाचा सत्याग्रह एकाच वेळी चालू होते. पहिल्याची मागणी जबाबदार राज्यपद्धतीची, दुसऱ्याची धर्मस्वातंत्र्याची. दोन्ही एकात मिसळून लढ्याला जातीय रंग येईल, या काळजीनं गांधीजींनी स्टेट काँग्रेसला सत्याग्रह थांबवायला सांगितला. आजच्या वादाचं बीज तिथे दिसतं. हा लढा राजेशाहीविरुद्ध होता की एका धर्माच्या राज्याविरुद्ध, हा प्रश्न तेव्हाच पुढे आला होता आणि तेव्हाच्या नेत्यांनी त्यावर जाणीवपूर्वक एक भूमिका घेतली होती.

तेरा महिने दोन दिवस

जून १९४७मध्ये निजामानं फर्मान काढलं की इंग्रज गेल्यावर हैदराबाद स्वतंत्र राहील. चारी बाजूंनी भारतानं वेढलेला, समुद्रकिनारा नसलेला प्रदेश स्वतंत्र कसा राहणार, याचं उत्तर त्याच्या सल्लागारांकडे नव्हतं, पण हट्ट होता. ७ ऑगस्टला स्टेट काँग्रेसनं ‘भारतात सामील व्हा’ दिन पाळला. १५ ऑगस्टला देशभर तिरंगा फडकत असताना हैदराबादेत स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. तिथून १७ सप्टेंबर १९४८पर्यंत मोजलं तर तेरा महिने आणि दोन दिवस होतात. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीच्या तोंडी हा आकडा हमखास असे.

२९ नोव्हेंबर १९४७ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. सरदार पटेलांना वेळ हवा होता. काश्मीरमध्ये लढाई चालू होती, फाळणीच्या जखमा ताज्या होत्या. निजामालाही वेळ हवा होता, पण शस्त्रं गोळा करायला आणि प्रकरण बाहेर न्यायला. १९४८च्या ऑगस्टमध्ये त्यानं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रारही दाखल केली.

दरम्यान राज्याची सूत्रं व्यवहारात इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेच्या हाती जात होती. तिचा नेता कासिम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या सशस्त्र स्वयंसेवकांना रझाकार म्हणत. गावं लुटणं, जाळणं, बायकांवर अत्याचार, खून हे सगळं त्यांनी केलं आणि राज्याच्या पोलिसांनी त्याकडे बघूनही न बघितल्यासारखं केलं. हजारो कुटुंबं घरदार सोडून सोलापूर, वऱ्हाड, अहमदनगरकडे निघून आली.

इथे एक नाव थांबून घ्यायला हवं. शोएबुल्ला खान. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक. त्यानं उघडपणे लिहिलं की हैदराबादनं भारतात विलीन व्हावं. ऑगस्ट १९४८मध्ये रात्री घरी परतताना रझाकारांनी त्याला गाठलं, गोळ्या घातल्या आणि लिहिणारा हात तोडला. हा लढा हिंदू विरुद्ध मुसलमान असा होता असं जो कुणी आज व्यासपीठावरून सांगतो, त्याला शोएबुल्ला खान हे नाव घेणं जमत नाही. ते त्याच्या गोष्टीत बसत नाही.

मराठवाड्यातली चळवळ या काळात सीमेवरच्या कॅम्पांतून चालली. उमरखेडपासून सोलापूर जिल्ह्यापर्यंत, भारताच्या हद्दीत राहून कार्यकर्ते आत शिरत. करोडगिरी नाके जाळायचे, पाटील-पटवाऱ्यांची दप्तरं जाळायची, सरकारला उत्पन्न देणारी शिंदीची झाडं तोडायची, लेव्हीचं धान्य अडवायचं. गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू, अनंत भालेराव, बाबासाहेब परांजपे, विजयेंद्र काबरा, बहिर्जी शिंदे, दगडाबाई शेळके, आशाताई वाघमारे. यांतली काही नावं रस्त्यांना आणि शाळांना मिळाली. कित्येकांची फक्त गावच्या हुतात्मा स्मारकाच्या दगडावर राहिली.

तेलंगणात चित्र वेगळं होतं. तिथे कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जमीनदारांविरुद्ध १९४६मध्येच शस्त्रं हाती घेतली होती. जुलै १९४६मध्ये दोड्डी कोमरय्या मारला गेला आणि उठाव पसरला. वेठबिगार बंद झाली, जमिनी वाटल्या गेल्या. हा सशस्त्र लढा निजाम गेल्यावर संपला नाही. तो भारत सरकारविरुद्ध १९५१पर्यंत चालला. म्हणजे तेलंगणातल्या एका मोठ्या गटासाठी १७ सप्टेंबर हा लढ्याचा शेवटही नव्हता. नावाचा वाद तिकडे इतका का पेटतो, याचं एक कारण हे.

पाच दिवस, आणि त्यानंतरचे आठवडे

१३ सप्टेंबर १९४८ला पहाटे भारतीय सैन्य निघालं. ‘ऑपरेशन पोलो’ हे लष्करी नाव. लोकांच्या तोंडी मात्र ‘पोलीस ॲक्शन’, कारण सरकारचं म्हणणं होतं की हे परक्या देशावरचं आक्रमण नाही, घरातली कायदा-सुव्यवस्थेची कारवाई आहे. मुख्य फळी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखाली सोलापूरकडून आत शिरली. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडलं. दुसरी फळी विजयवाड्याकडून आली. औरंगाबाद १५ तारखेला हाती आलं. १७ तारखेला संध्याकाळी निजामानं युद्धबंदी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा सेनापती अल् इद्रूस यानं चौधरींपुढे रीतसर शरणागती पत्करली. त्याच सुमारास निजामाच्या लंडनमधल्या खात्यातले दहा लाखांहून जास्त पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात वळवले गेले. ते कुणाचे, यावर सत्तर वर्षं वाद चालला आणि ऑक्टोबर २०१९मध्ये लंडनच्या न्यायालयानं भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूनं निकाल दिला.

इथवरची गोष्ट भाषणांत येते. पुढची येत नाही.

निजामाची सत्ता कोसळल्यावर पुढच्या काही आठवड्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड अशा लोकांवर उगवला गेला, ज्यांतल्या बहुतेकांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी १९४८च्या अखेरीस त्या भागात फिरून अहवाल दिला. त्यात मृतांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा आहे. काही ठिकाणी सैनिक आणि पोलीसही सामील होते, असं त्यात म्हटलं आहे. त्याचबरोबर सैन्यानं अनेक ठिकाणी लोकांना वाचवलं, आणि जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना आसरा देणारे हिंदू होते, हेही त्यात आहे. हा अहवाल कित्येक दशकं बासनात राहिला. २०१३च्या सुमारास तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात अभ्यासकांना पाहायला मिळू लागला.

माझं मत स्पष्ट आहे. निजामाची राजवट जुलमी होती, ती जायलाच हवी होती, आणि ती घालवायला ज्यांनी जीव दिला त्यांचा सन्मान व्हायलाच हवा. आणि नंतर जे मारले गेले तेही आपलेच लोक होते, मराठवाड्याचेच होते. या दोन गोष्टी एकाच भाषणात म्हणता यायला हव्यात. अजून त्या म्हटल्या जात नाहीत.

निजामाचं पुढे काय झालं, हा प्रश्न बरेच जण विचारतात. त्याला पदच्युत केलं गेलं नाही. नोव्हेंबर १९४९मध्ये त्यानं भारताची राज्यघटना स्वीकारल्याचं फर्मान काढलं आणि २६ जानेवारी १९५०पासून तोच हैदराबाद राज्याचा राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा घटनात्मक प्रमुख, झाला. १९५२ला पहिली निवडणूक झाली, बूर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. १ नोव्हेंबर १९५६ला भाषेनुसार राज्यांची फेररचना झाली तेव्हा हैदराबाद राज्यच उरलं नाही. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, कन्नड जिल्हे म्हैसूरला गेले, तेलंगण आंध्र प्रदेशात. वारसा तिघांत वाटला गेला आणि प्रत्येकानं १७ सप्टेंबरची आपापली आठवण ठेवली.

नावांचं राजकारण

आता चार नावं समजून घेणं सोपं जाईल.

कर्नाटकात पूर्वी ‘हैदराबाद कर्नाटक विमोचन दिन’ होता. २०१९मध्ये येडियुरप्पा सरकारनं त्या भागाचंच नाव ‘कल्याण कर्नाटक’ केलं, बसवेश्वरांच्या कल्याणची आठवण म्हणून, आणि दिवसाचंही नाव बदललं. पुढे सरकार काँग्रेसचं आलं तरी नाव राहिलं. तिथे फार वाद नाही.

खरा संघर्ष तेलंगणात आहे. एकत्रित आंध्र प्रदेशात हा दिवस सरकारी पातळीवर पाळलाच जात नसे. वेगळ्या तेलंगणाच्या आंदोलनात के. चंद्रशेखर राव यांनी यावरून काँग्रेस सरकारांना धारेवर धरलं. २०१४ला स्वतः मुख्यमंत्री झाल्यावर मात्र तेही गप्प राहिले. भाजपनं हा धागा उचलला. १७ सप्टेंबर २०२२ला केंद्र सरकारनं सिकंदराबादच्या परेड ग्राउंडवर ‘हैदराबाद मुक्ती दिन’ केला. अमित शाह आले, महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदेही तिथे होते. त्याच दिवशी राव सरकारनं ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ साजरा केला आणि त्या निमित्तानं एमआयएमनंही (मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन, ओवेसींचा पक्ष) तिरंगा रॅली काढली. ‘एकात्मता’ हे नाव असदुद्दीन ओवेसी यांनीही मागितलं होतं. कासिम रझवीच्या संघटनेचं नाव मागे लागलेल्या पक्षाला ‘मुक्ती’ हा शब्द का नको असेल हे उघड आहे. ओवेसींचं म्हणणं असं की १९५८मध्ये नव्यानं उभ्या राहिलेल्या पक्षाचा रझवीशी संबंध जोडू नये आणि मुसलमानांनीही या देशासाठी रक्त सांडलं आहे. दुसरी गोष्ट शोएबुल्ला खानसारख्यांमुळे खरी आहे. पण मग निजामाच्या राजवटीला जुलमी म्हणताना या पक्षाची जीभ अडखळू नये, ही अपेक्षाही रास्त आहे.

मार्च २०२४मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, केंद्रानं अधिसूचना काढून १७ सप्टेंबर हा कायमचा ‘हैदराबाद मुक्ती दिन’ ठरवला. त्याच सप्टेंबरात रेवंत रेड्डी यांच्या काँग्रेस सरकारनं ‘प्रजा पालना दिनोत्सव’ सुरू केला. राजेशाहीतून लोकशाहीत येण्याचा दिवस, असा त्यांचा अर्थ. अर्थ चांगला आहे. पण सत्तेवर आल्यावर लोकांचे अर्ज घेण्यासाठी याच सरकारनं जी मोहीम काढली, तिचं नावही ‘प्रजा पालना’च होतं. सरकारी योजनेचं नाव हुतात्म्यांच्या दिवसाला द्यावं हे मला पटत नाही. उद्या सरकार बदललं की हेही नाव बदलणार.

कम्युनिस्ट पक्षांना यांतलं कुठलंच नाव चालत नाही. ते सप्टेंबरात तेलंगणाच्या सशस्त्र लढ्याची आठवण जागवतात आणि म्हणतात की ज्यांनी या लढ्यात भागच घेतला नाही, ते आज त्याचे वारस म्हणून मिरवतात. या म्हणण्यात तथ्य आहे. भाजपच्या मांडणीत पटेल आणि सैन्य येतात, ते योग्यच आहे. पण सैन्य येण्याच्या दहा वर्षं आधीपासून तुरुंगात जात आलेले स्टेट काँग्रेसचे, समाजवादी आणि साम्यवादी कार्यकर्ते पुसट होतात.

या सगळ्यात महाराष्ट्रातलं नाव मला सर्वांत नेमकं वाटतं, आणि त्याचं कारण ‘संग्राम’ हे आहे. निजाम कुणीतरी येऊन काढला, एवढंच ते सांगत नाही. लोक लढले, असं ते सांगतं. आपल्याकडे या नावावरून पक्षापक्षांत भांडण नाही, ही चांगली गोष्ट आहे.

निजामाचे कागद अजून जिवंत आहेत

महाराष्ट्रात नावाचं भांडण नसलं तरी निजामाच्या काळाचं भांडण जोरात आहे. ते समजल्याशिवाय गेल्या काही वर्षांतलं मराठा आरक्षणाचं आंदोलन कळत नाही.

सोप्या शब्दांत असं. कुणबी ही जात महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहे, मराठा नाही. ज्याच्या पूर्वजांच्या जुन्या कागदावर ‘कुणबी’ अशी नोंद सापडते, त्याला ओबीसीचा दाखला मिळतो. विदर्भ ब्रिटिशांच्या मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. तिथे अशा नोंदी भरपूर आणि त्या इथल्याच कचेऱ्यांत. मराठवाड्याचे कागद निजामाचे. बरेचसे उर्दूत, काही मोडीत, आणि महत्त्वाचं दप्तर हैदराबादेत राहिलेलं. शेती तीच, सोयरिकी त्याच, पण सीमेच्या अलीकडच्या माणसाला दाखला मिळतो आणि पलीकडच्याला कागद दाखवता येत नाही. मनोज जरांगे यांचं ऑगस्ट २०२३मधलं उपोषण जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत सुरू झालं, ते याच मराठवाड्यात. तिथे पोलिसांनी लाठीमार केल्यावर प्रकरण राज्यभर पेटलं. मग निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीला निजामकालीन नोंदी शोधायचं काम देण्यात आलं आणि समिती हैदराबादपर्यंत गेली.

२९ ऑगस्ट २०२५ला जरांगे मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषणाला बसले आणि २ सप्टेंबरला सरकारनं हैदराबाद गॅझेटियरचा, म्हणजे संस्थानाच्या काळातल्या जिल्हावार सरकारी माहितीच्या ग्रंथाचा, आधार मान्य करणारा शासन निर्णय काढला. मराठवाड्यातल्या मराठ्यांना कुणबी दाखला देण्यासाठी गावपातळीवर समित्यांनी चौकशी करायची, असं त्यात आहे. ओबीसी संघटनांनी याला कडाडून विरोध केला. मंत्री छगन भुजबळ यांनी उघड नाराजी दाखवली, प्रकरण न्यायालयात गेलं. गॅझेटियरमध्ये एखाद्या जिल्ह्यात अमुक इतके कुणबी होते असं लिहिलं असेल, तर त्यावरून आजचा विशिष्ट माणूस कुणबी ठरतो का, हा खरा कायदेशीर प्रश्न आहे आणि तो साधा नाही. गॅझेटियर समूहाबद्दल बोलतं, दाखला एका माणसाला द्यायचा असतो. यावर घोषणा देणाऱ्या दोन्ही बाजूंनी लोकांना ही अडचण मोकळेपणानं सांगायला हवी होती.

तीच गोष्ट जमिनीची. निजामानं सेवेबद्दल किंवा धार्मिक संस्थांना दिलेल्या इनाम जमिनींना मराठवाड्यात ‘मदतमाश’ आणि ‘खिदमतमाश’ म्हणतात. १९५४च्या हैदराबाद इनाम कायद्यानं इनामं संपली, पण या जमिनींच्या विक्रीवरच्या अटी राहिल्या. त्यावर आज अख्ख्या वसाहती उभ्या आहेत आणि सात-बाऱ्याचा तिढा अलीकडपर्यंत मंत्रिमंडळासमोर येत राहिला. १७ सप्टेंबरला भाषण संपतं, पण तहसील कचेरीत निजाम अजून भेटतो.

पॅकेजं

मराठवाडा कोणत्याही अटी न घालता महाराष्ट्रात आला, हे वाक्य तिकडे अभिमानानं आणि आता थोड्या दुखऱ्या सुरात म्हटलं जातं. १९५३च्या नागपूर करारात मागास भागांना न्याय्य वाटा देण्याचं आश्वासन होतं. घटनेच्या अनुच्छेद ३७१(२)मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळांची तरतूद आली. १९८४मध्ये वि. म. दांडेकर समितीनं राज्याचा अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांची राहून गेलेली विकासकामं, ३,१८६ कोटी रुपयांचा मोजला, त्यातला सुमारे २४ टक्के मराठवाड्याचा. मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ला. त्यांना फार अधिकार नव्हते, पण एक काम होतं : कुठल्या भागात किती खर्च झाला, किती राहिला, याचा हिशोब राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे ठेवायचा.

३० एप्रिल २०२०ला त्यांची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. तेव्हा सत्तेवर महाविकास आघाडी होती. सप्टेंबर २०२२मध्ये शिंदे सरकारच्या मंत्रिमंडळानं ती पुन्हा स्थापन करायचा ठराव केला, त्याला केंद्राची मंजुरी लागते. १६ सप्टेंबर २०२३ला, मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी वर्षाच्या सांगतेला, संभाजीनगरात मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि ४५ हजार कोटींहून अधिक रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. २०१६मध्येही त्याच शहरात अशीच बैठक झाली होती, असेच मोठे आकडे जाहीर झाले होते. त्या आकड्यांतलं किती प्रत्यक्ष उतरलं, सिंचनाचं काम कुठवर आलं, हे सांगण्याची जबाबदारी ज्यांची असती ती मंडळंच नव्हती. कर्नाटकानं आपल्या तेव्हाच्या सहा जिल्ह्यांसाठी २०१२मध्ये घटनादुरुस्ती करवून घेऊन अनुच्छेद ३७१(जे) मिळवला. त्यातून तिथल्या मुलांना शिक्षणात आणि नोकऱ्यांत स्थानिक आरक्षण मिळतं. निजामाच्या त्याच मुलखातल्या मराठवाड्याच्या मुलांसाठी अशी तरतूद नाही.

पुढच्या १७ सप्टेंबरला स्मृतिस्तंभासमोर जे कुणी मुख्यमंत्री बोलतील, त्यांच्याकडून नव्या पॅकेजचा आकडा ऐकण्याआधी मराठवाड्यानं मागच्या दोन पॅकेजांचा हिशोब मागावा, योजनावार आणि जिल्हावार. आणि विधिमंडळात त्या भागातून निवडून गेलेल्या प्रत्येक आमदारानं, पक्ष कुठलाही असो, विकास मंडळं कधी येणार याची तारीख विचारावी.